थुंडूला दिलेलं नाव

कोणाच्याही दारात पाऊल टाकण्याआधी तो दोनदा खोकायचा. सर्दी नसे, धूर नसे, तरी खोकायचा. आधी एक बारीक, मग एक जरा मोठा, आणि मग दार ढकलायचा. आमच्या घरी तो रोज सकाळी यायचा तेव्हा आई चुलीपुढून मान न वळवता म्हणायची, "काका आले गं. चहा ओत." मेलेली माणसं खोकत नाहीत असं आमच्याकडे मानतात. दाराबाहेरच खोकून तो आपण जिवंत असल्याचं आधी सांगून टाकायचा. शेवटच्या वर्षांत गावात कोणाला त्याची गरज वाटत नव्हती, पण सवय काही सुटली नाही. याकच्या गोठ्यात शिरतानाही तो खोकायचा.

तो माझ्या आजोबांचा धाकटा भाऊ. आजोबांना आम्ही गागा म्हणतो, म्हणून मी त्यालाही गागाच म्हणत आले. गाव त्याला परत्या म्हणे. मोठ्या लामांनी दिलेलं त्याचं नाव छेवांग होतं, ते सरकारी कामापुरतं वापरात होतं. आणि या सगळ्याच्या आधी, तरुणपणी, तो उर्गेन होता. हे नाव आमच्या घरात कोणी उच्चारत नसे. मला ते वडिलांनी सांगितलं ते मी चांगली मोठी झाल्यावर, शेतात, आसपास कोणी नाही असं बघून.

आमच्या गावातून चोमोलुंगमा, म्हणजे एव्हरेस्ट, दिसत नाही. मधे दुसऱ्या डोंगरांची भिंत आहे. पण गावातला एकही उंबरा असा नाही की जिथून कोणी तिच्याकडे गेलेलं नाही. माझे खापरपणजोबा दार्जिलिंगपर्यंत चालत गेले होते, कारण त्या काळी साहेब लोक तिबेटच्या बाजूने चढत आणि हमाल दार्जिलिंगला निवडत. ते दोन बोटं गमावून आणि एक पत्र्याची पेटी कमावून परत आले. पुढे साहेब आमच्याच दारावरून जायला लागले. डोंगराच्या पायथ्याला बर्फाचा एक प्रचंड प्रपात आहे. हिमनदी तिथे कड्यावरून खाली येताना फुटते आणि तिचे घराएवढे, लामांच्या गोंप्याएवढे तुकडे एकमेकांवर रेलून उभे राहतात. ते उभे दिसतात, पण उभे नसतात. काल जिथून आलो तिथे आज भेग असते, आणि आज जो मनोरा डोक्यावर आहे तो उन्हं आल्यावर असेल की नाही हे कोणी सांगू शकत नाही. शिखरावर जाणारा साहेब त्यातून चार-सहा वेळा जातो. त्याचं सामान वर पोचवणारा आमचा माणूस रोज जातो. चोमोलुंगमावर आमची जी माणसं गेली, त्यातली पुष्कळशी शिखराच्या जवळपासही नव्हती. ती तिथे खालीच गेली, पाठीवर दुसऱ्याचं ओझं घेऊन.

थुंडू हा उर्गेनचा जोडीदार. आमचं घर वर, त्याचं खाली, मधे एक दगडी बांध. थुंडूचे वडील लहानपणीच गेलेले, घरात तो आणि त्याची आई खांद्रो. दोघं मित्र त्या वर्षी एकाच मोहिमेवर, हमालांच्या एकाच सरदाराच्या हाताखाली होते. तळावरचा एक साहेब आजारी पडला, त्याच्या छातीत पाणी झालं. त्याला लुक्लाला उतरवून विमानाने काठमांडूला न्यायचं ठरलं. सोबत थुंडूने जायचं होतं, कारण त्याला चार शब्द इंग्रजी येत. उर्गेनने त्याच पहाटे ओझं घेऊन प्रपातातून वर जायचं होतं. आदल्या संध्याकाळी तंबूत दोघांचं जे बोलणं झालं ते गागाने मला एकदाच सांगितलं, पण अगदी शब्द न शब्द.

"तूच जा साहेबाबरोबर," थुंडू म्हणाला. "तुझी छाती वाजतेय. अख्खा तळ ऐकतोय."

"मला कुठे इंग्रजी येतं?"

"येस म्हणायचं. फारच बोलायला लागला तर नो म्हणायचं. आणि विमानात ओकू नकोस, गावाची अब्रू जाईल."

"आणि सरदार?"

"सरदार वरच्या कँपात बसलाय. तुझी टोपी दे मला. तोंडावर फडकं बांधलं की साहेबांना आपण सगळे एकाच आईचे." मग जरा थांबून तो म्हणाला, "वर गेलो तर पिसांचं जाकीट मिळतं. हिवाळ्यात आईला होईल."

टोपी दिली. सकाळी एक पोरगा वर गेला, एक खाली.

उन्हं आली आणि प्रपातातला एक मनोरा बसला. त्याखाली चौघं होते. कोणीच सापडलं नाही. टोपीची अदलाबदल ठाऊक असलीच तर थुंडूबरोबरच्या तिघांना, आणि तेही त्यातच गेले. तळावरच्या साहेबाला ठाऊक होतं ते इतकंच, की आज वर जायला अमुक चार जण सांगितले होते, त्यात एक उर्गेन होता. त्याने निरोप्या धाडला.

आमच्याकडे मेलेल्याचं नाव घेत नाहीत. मेलेल्याला पुढे जायचं असतं. मागून कोणी नाव घेतलं की तो थबकतो, वळून बघतो, आणि वाट चुकतो. म्हणून निरोप्या अंगणात येऊन, टोपी काढून, फक्त एवढंच म्हणाला, "वरच्या घरचा धाकटा." कोणी विचारलं नाही की नक्की कोण, तू पाहिलंस का, कोणी पाहिलं का. विचारायला नाव घ्यावं लागलं असतं. नाव न घेण्यात सगळं गाव इतकं तरबेज, की ही चूक सरळ घरात येऊन बसली.

देह नव्हता. देह नसला की कागदावर माणसाची आकृती काढतात आणि तिच्यावर नाव लिहितात. एकोणपन्नास दिवस मेलेला मधल्या वाटेवर असतो. त्या दिवसांत त्याला नावाने हाक मारायचा अधिकार एकट्या लामांना. ते त्याला बोलावून समोर बसवतात, खाऊ घालतात, पुढची वाट समजावतात. 'उर्गेन, ऐक. तू आता मेला आहेस. समोर उजेड दिसेल, त्याला घाबरू नकोस. मागे वळू नकोस.' हे आठवड्यामागून आठवडे चाललं. उर्गेनची आई दाली भिंतीला टेकून बसलेली असायची. आणि स्वयंपाकघर कोण सांभाळत होतं, तर खालच्या घरची खांद्रो. लोणी तिने घुसळलं, भाजल्या सातूच्या पिठाचे, त्साम्पाचे गोळे तिने वळले, आल्यागेल्याला चहा तिने दिला. "माझा तिकडे काठमांडूत साहेबाचं खाऊन जाड होत असेल," असं तिच्या तोंडून एकदा निघालं, आणि दालीकडे बघून तिने जीभ चावली.

काठमांडूतला साहेब महिन्याभराने बरा झाला. त्याने उर्गेनचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला आणि तो आपल्या देशाला गेला. परतीच्या विमानाचं कोणाच्या लक्षात आलं नाही. उर्गेन चालत निघाला. आईसाठी एक स्टीलची वाटी आणि पुडीभर साखर घेऊन, नद्या आणि खिंडी ओलांडत, एका दुपारी तो गावच्या चढावर आला. शेतात खुरपणी चालली होती. सगळ्यात आधी त्याला माझ्या आजीने पाहिलं. तिने मूठभर माती उचलून त्याच्या अंगावर फेकली आणि ती पळाली.

"वहिनी!" तो हसत ओरडला. "साखर आणलीय तुझ्यासाठी, आणि माती काय फेकतेस!"

वाटेवरची दारं लागली. कुत्री मात्र शेपट्या हलवत आली. घरी धूर होता, ढोल वाजत होता. आत शिरला तर समोर कागदावर त्याची आकृती, तिच्यावर त्याचं नाव, पुढे जेवण वाढलेलं. दालीने किंकाळी फोडली. माझे आजोबा भावाला ओळखूनही जागचे हलले नाहीत.

लामांनी ढोल खाली ठेवला. "खोक बघू," ते म्हणाले.

उर्गेनची छाती अजून बरी नव्हती. तो खोकला तो चांगला वाकून.

"मेलेलं माणूस इतकं घाणेरडं खोकत नाही," लामा म्हणाले. "जिवंत आहे."

कोणीतरी रडत हसलं. दाली उठून त्याचे हात, खांदे, कान चाचपायला लागली. त्या सगळ्या गडबडीत एकट्या खांद्रोच्या हातातलं काम थांबलं होतं. तिच्या बोटांना लोणी लागलेलं होतं.

"मग वर कोण गेलं होतं?" तिने विचारलं.

उर्गेनने मान खाली घातली. आणखी कोणाला काही सांगावं लागलं नाही.

एकोणपन्नास दिवस संपायला थोडेच दिवस राहिले होते. खांद्रो रडली नाही. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून पुन्हा करा."

"दिवस मागे कसे आणू, बाई?" लामा म्हणाले. "पण सगळं झालंय ना. तू स्वतःच्या हाताने त्याला जेवू घातलंस."

"दुसऱ्याच्या नावाने घातलं. दुसऱ्याच्या नावाने हाका मारल्यात तुम्ही त्याला." तिचा आवाज चढला नव्हता. "माझं पोरगं शहाणं आहे. दुसऱ्याला हाक मारली तर ते पुढे पुढे करायचं नाही. ते तिथेच बाजूला उभं असेल, आपली पाळी कधी येते ते बघत."

लामांनी पोथीची पानं उलटून पाहिली. जुन्या पोथ्यांत बहुतेक असं कोणाचं झालेलं नव्हतं.

तेव्हा उर्गेन म्हणाला, "मग ते नाव त्याला देऊन टाका."

"म्हणजे?"

"उर्गेन हे नाव आता त्याचं. मी पुन्हा कधी वापरणार नाही. म्हणजे इतके दिवस मारलेल्या हाका त्यालाच मारल्यासारख्या होतील."

"नाव म्हणजे काय अंगरखा आहे, काढून द्यायला?"

"माझी टोपी घालून गेला, माझं ओझं घेऊन गेला. त्या सकाळी नावही माझंच घालून गेला होता. म्हणून तर तुम्ही मला मारलंत."

लामांनी ढोल पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी त्या कागदापुढे बसून, उर्गेन या नावाने त्या सकाळी जो बर्फात गेला त्याला, पुन्हा सगळी वाट पहिल्यापासून सांगितली. ठरल्या दिवशी कागद जाळला. आणि जमलेल्या सगळ्यांना ते म्हणाले, "आजपासून हे मेलेल्याचं नाव. ते कोणी घ्यायचं नाही. घेतलंत तर ते पोर मागे वळेल." मग दालीकडे बघून म्हणाले, "तूसुद्धा नाही."

जिचा मेलेला मुलगा चालत घरी आला होता, तिला त्याला हाक मारायची सोय उरली नाही. छेवांग हे नवं नाव तिच्या जिभेवर बसलं नाही. ती 'अरे' म्हणायची, 'ऐक रे' म्हणायची, कधीकधी भिंतीकडे तोंड करून 'लाकडं संपली' म्हणायची, आणि तो उठून लाकडं आणायचा. वडील सांगतात, दाली स्वयंपाक झाला की दारात यायची, तोंड उघडायची, मग तसंच मिटून बांधापर्यंत चालत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायची.

त्याची सोयरीक ठरली होती. मुलीच्या बापाने एकदा येऊन, जवाची छांग पिऊन, गोड बोलून ती मोडली. ज्याचे दिवस झाले त्याला मुलगी कशी द्यायची, असं त्याने खाली नामचेच्या बाजारात कोणाला तरी बोलून दाखवलं. पुढच्या हंगामात गागा डोंगरावर गेला तर त्याच्या दोराला कोणी स्वतःला बांधून घेईना. "तुझं काय बाबा, तुझं सगळं उरकलंय," पोरं म्हणायची. "आमचं अजून व्हायचंय." चेष्टाच होती ती, पण दोराची गाठ मारायची वेळ आली की सगळे दुसरीकडे सरकायचे. शेवटी सरदाराने त्याला तळावर ठेवला.

तिथे त्याला एक काम मिळालं, ते त्याने जन्मभर केलं. माणसं प्रपातात शिरली की तळावरच्या दगडी ओट्यावर धुपीच्या झुडपाच्या ओल्या डहाळ्या जाळायच्या, आणि शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत तो धूर विझू द्यायचा नाही. दिवसभर एकट्याने. बाकीचे स्वयंपाकात, पत्त्यांत, साहेबांच्या मागेपुढे. त्याने त्या ओट्यावरून सगळं बदलताना पाहिलं. लाकडी ओंडक्यांच्या जागी शिड्या आल्या, शिड्या एकमेकींना बांधून पूल झाले. एकेका मोहिमेच्या जागी तंबूंचं गाव बसलं, आणि शिखराखाली माणसांच्या रांगा लागायला लागल्या. वर राहिलेले देह वाटेच्या खुणा झाले. "अमक्या रंगाच्या बुटाच्या पुढे डावीकडे," असं खाली येणारी पोरं चहा पिता पिता बोलायची, आणि तो डहाळी मोडायचा. बर्फ पातळ झालं, दुपारी प्रपातातून पाण्याचा आवाज यायला लागला. काही वर्षी धूर रात्रीपर्यंत ठेवूनही माणसं आली नाहीत. त्यांची नावं त्याला ठाऊक असायची. ती तो घेत नसे.

गावात असला की खांद्रोच्या भिंतीपाशी फोडलेली लाकडं रचून ठेवायचा. खांद्रो ती जाळायची. बोलायची नाही. पण आमच्या घरात आवाज चढला, की ती आपल्या अंगणात हातातलं काम थांबवून उभी राहायची. कोणाच्या तोंडून ते नाव तर जात नाही ना, हे ऐकत. इतक्या वर्षांत एकदाही गेलं नाही.

दाली अंथरुणाला खिळली तो शरद ऋतू होता. माझे वडील तेव्हा तरुण होते, ते त्या खोलीत होते. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर पडलेलं. शेजारधर्म म्हणून खांद्रो येऊन पायाशी बसली होती, माळ ओढत. गागा आईच्या उशाशी. दाली सकाळपासून पुटपुटत होती, त्यातलं काही कळत नव्हतं. एकाएकी ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "उर्गेन."

अंगणातून जेवायला बोलवावं तसं.



"उर्गेन, कुठे आहेस रे?"

आजोबा पुढे वाकले. "आहे तो, आई. इथेच आहे तुझ्याजवळ." पण तिला ते नको होतं. तिने डोळे उघडले नाहीत, मान दाराकडे वळवली. तिला त्याची ओ हवी होती. तिसऱ्यांदा तिने हाक मारली तेव्हा तिचा आवाज जत्रेत मूल हरवलेल्या बाईसारखा झाला होता. गागाने तिचा हात धरलेला होता. त्याचे ओठ इतके घट्ट मिटले होते की त्यांचा रंग गेला होता. त्याने ओ दिली नाही. त्याने खांद्रोकडे पाहिलं. त्या नजरेत मागणं नव्हतं, असं वडील सांगतात. नुसतं पाहिलं.

खांद्रोची माळ थांबली.

"ओ दे तिला," ती म्हणाली.

त्याने आईचं पांघरूण सारखं केलं.

"अरे दे ओ. किती वर्षं झाली. कुठे रेंगाळणारं पोरगं नव्हतं ते, पोचलं असेल." तरी तो हलेना, तेव्हा ती चिडली. "मी सांगतेय ना? मी त्याची आई सांगतेय."

"ओ," गागा म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "ओ, आई. आलो."

"जेवलास का?"

"जेवलो."

दालीने मान सरळ केली. संध्याकाळच्या आत ती गेली.

त्यानंतर नाव परत घ्यायला कोणाची हरकत नव्हती. नवे लामाही म्हणाले, चालेल. माझ्या आजोबांनी एकदा मुद्दाम शेताच्या या टोकावरून हाक मारली, "उर्गेन!" तो कुदळ चालवत राहिला. अडून बसला होता असं नाही. आपल्याला बोलावतायत हे त्याच्या खरंच ध्यानात आलं नाही. आजोबांनी पुन्हा मारली नाही. दोन हिवाळ्यांनी खांद्रो गेली, तिला अग्नी त्याने दिला. मग आजोबा गेले, आजी गेली. उर्गेन म्हणून त्याला पाहिलेलं गावात कोणी राहिलं नाही. त्याला परत्या का म्हणतात, हेही नव्या पोरांना माहीत नव्हतं. त्यांना वाटायचं, मोहिमेवरून सुखरूप परतणारा म्हणून.

माझ्या वडिलांना एकच काळजी होती. त्याच्या वेळी लामा त्याला कोणत्या नावाने हाक मारणार? उर्गेन थुंडूला दिलेलं. छेवांग म्हटलं तर तो सरकारी माणूस आला असं समजून उठून उभा राहील. चुकीच्या नावामुळे काय होतं ते आमच्या घराइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. वडील त्याला विचारायला धजायचे नाहीत. यंदा मी काठमांडूहून सुट्टीला आले होते, मी विचारलं. दुसऱ्या दिवशी मी खाली निघाले आणि त्याच आठवड्यात तो गेला. वडिलांनी शेवटी लामांना त्याची तिन्ही नावं सांगितली आणि वर 'अरे, ऐक रे' असंही म्हणून बघा म्हणाले. लामांनी रोज सगळ्या हाका मारल्या.

मी विचारलं तेव्हा आम्ही दोघंच त्याच्या चुलीपाशी बसलो होतो. मधे परातीत उकडलेले बटाटे होते, वाफ निघत होती.

"गागा, तुझ्या वेळी काय नाव सांगायचं आम्ही?"

त्याने बटाटा या हातातून त्या हातात केला, फुंकर घातली.

"लामांना विचार. माझ्या कानाला काय कळतंय आता?"

"पण लामांनी हाक मारली तर तू वळून बघशील ना?"

"बघेन की. कोणी का मारेना हाक." त्याने मिठाची वाटी माझ्याकडे सरकवली. "तू आधी सोलून घे बघू. गार झाला की साल निघत नाही."